घेतलेलं पुस्तक देता येईना

नानांनी तो प्रश्न विचारला तेव्हा ते जेलरोडच्या घराच्या गच्चीवर उन्हात बसले होते. डिसेंबरात नाशिकचं सकाळचं ऊन सोडवत नाही. नाना तर दहा वाजेपर्यंत खुर्ची सरकवत सरकवत उन्हाच्या मागे जातात. मोतीबिंदूचं ऑपरेशन चांगलं झालं, पण डोळ्याच्या पडद्याचा जुना त्रास आहेच, त्यामुळे छापील पुस्तकातलं बारीक अक्षर आता त्यांना लागत नाही. म्हणून माझ्या मुलाने पहिल्या पगारातून आजोबांना ई-रीडर घेऊन दिला. नाना त्याला पाटी म्हणतात. अक्षर चांगलं टपोरं करून, एका पानावर सात-आठ ओळी ठेवून ते निवांत वाचत असतात. त्या दिवशी त्यांना तरुणपणी वाचलेली एक कादंबरी आठवली. ती माझ्याकडे ई-बुक म्हणून होती. “मग घाल की माझ्या पाटीत,” नाना म्हणाले. मी फोन काढला, अ‍ॅप उघडलं आणि त्यांना सांगितलं, की नाना, हे पुस्तक या अ‍ॅपच्या बाहेर जात नाही. माझ्या फोनवर वाचता येईल, तुमच्या पाटीवर नाही. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “तू विकत घेतलंयस ना ते?” “हो नाना.” “पैसे देऊन?” “हो.” “मग ते तुझं आहे की नाही, अगं?”

मला उत्तर देता आलं नाही.

ई-रीडर घ्यायचं ठरलं तेव्हा आमच्याकडे बरेच दिवस चर्चा चालली होती. पडदा केवढा, बॅटरी किती चालते, पाणी पडलं तर काय, पिवळसर उजेडाची सोय आहे का. हे सगळं बघायलाच हवं होतं. ई-रीडरच्या ई-इंक नावाच्या पडद्यात अतिसूक्ष्म कुप्यांमध्ये काळे-पांढरे कण असतात, विजेच्या भाराने ते वर-खाली होतात, आणि एकदा पान उमटलं की ते टिकवायला वीज लागत नाही. म्हणून एका चार्जिंगवर कित्येक आठवडे निघतात. गच्चीवर फोनचा पडदा काळाठिक्कर दिसतो, तेव्हा नानांच्या पाटीवरचं पान उलट जास्त स्वच्छ दिसतं. आपल्या लिपीला पडद्याची बारीकी फार लागते. इंचाला ३०० ठिपके असलेल्या पडद्यावर रफार रफारासारखा दिसतो, अनुस्वार धुळीचा कण वाटत नाही, ध आणि घ, भ आणि म डोळ्यांना ताण न देता वेगळे होतात. नानांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. त्यांची बोटं कोरडी पडलेली, किंचित थरथरणारी. पडद्याला बोट लावलं की कधी पान उलटतच नाही, कधी एकदम दोन उलटतात. त्यांना कडेला बटणं असलेलं यंत्र हवं होतं. अ‍ॅमेझॉनचं बटणांचं किंडल ओअ‍ॅसिस २०२४ मध्ये बंद झालं. कोबो या दुसऱ्या कंपनीच्या काही यंत्रांना अजून बटणं आहेत, पण कोबो २०१३ मध्ये आपल्याकडे आलं आणि इथल्या बाजारात काही टिकलं नाही. बाहेरून मागवावं लागतं. शेवटी मिळालं ते घेतलं, आणि नानांनी अंगठा जरा ओला करून पान उलटायची युक्ती स्वतःच शोधून काढली.

एवढ्या चर्चेत कुलपाचा विषय निघत नाही. विकणारा काढत नाही, यूट्यूबवर यंत्रं दाखवणारी मुलंही क्वचितच काढतात. यंत्र हातात घेऊन बघता येतं, पडद्याचा फोटो काढता येतो. कुलूप मात्र दिसत नाही. ई-बुक आपल्याकडे येतं ते बहुतेक वेळा कुलूपबंद फाइल म्हणून, आणि तिची किल्ली आपल्या खात्याला आणि आपल्या यंत्राला बांधलेली असते. किंडलच्या दुकानातलं असं पुस्तक किंडलवर किंवा त्यांच्याच अ‍ॅपमध्ये उघडतं. ईपब नावाचा खुला प्रकार आहे, जो जवळपास बाकी सगळ्या ई-रीडरवर चालतो, पण त्याच्या आत अ‍ॅडोबीचं कुलूप असेल तर पुन्हा खातं आलं, नोंदणी आली, किती यंत्रांवर चालणार याची मर्यादा आली. कुलूप लावायचं की नाही, हे बऱ्याचदा प्रकाशकाच्या किंवा लेखकाच्या हातात असतं. किंडलवर पुस्तक चढवतानाही तसा पर्याय देतात. आपल्याला वाटतं, आधी यंत्र निवडायचं आणि मग पुस्तकं घेत राहायची. प्रत्यक्षात पहिली दहा-पंधरा कुलूपबंद पुस्तकं घेतली, की पुढचं यंत्र कोणतं घ्यायचं हे ठरूनच जातं. गंगापूर रोडला राहणारी माझी एक मैत्रीण कॉलेजात शिकवते. तिला मोठ्या पडद्याचं, पेनाने लिहिता येईल असं दुसऱ्या कंपनीचं यंत्र फार आवडलं होतं. तिने ते हातात घेतलं, लिहून पाहिलं आणि परत ठेवलं. आतापर्यंत घेतलेली पुस्तकं तिकडे येणार नव्हती. ज्याची जास्त पुस्तकं घेतली, त्याच दुकानाशी ती बांधली गेली. जो जितका जास्त वाचणारा, तितका जास्त अडकलेला. ही गोष्ट मला अजिबात पटत नाही.

मराठी वाचकाची अडचण याहून थोडी वेगळी आहे. डिसेंबर २०१६ मध्ये किंडलच्या दुकानात मराठी पुस्तकं आली आणि आम्हा वाचणाऱ्यांना खरोखर आनंद झाला. पण मराठीतलं कितीतरी महत्त्वाचं लेखन तिथे नाही. ते मराठी ई-बुकांच्या दुकानांतून घ्यावं लागतं, आणि नानांना हवी असलेली कादंबरी मी ज्या दुकानातून घेतली, त्याचं पुस्तक त्यांच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्येच उघडतं. अ‍ॅप फोनवर किंवा टॅबलेटवर. अँड्रॉइडवर चालणारी ई-इंकची यंत्रं असतात, बूक्स (Boox) या कंपनीच्या यंत्रांसारखी. त्यांच्यावर असं अ‍ॅप टाकता येतं, म्हणून तोही विचार झाला. मग मी ती कादंबरी फोनवर नीट उघडून पाहिली. आतलं पान हे छापील पानाचं चित्रच होतं. अक्षर मोठं करायची सोय नाही, फक्त पान ताणायचं. ताणलं की ओळीचा शेवट पडद्याबाहेर जातो. मग बोटाने पान डावीकडे सरकवायचं, ओळ संपवायची, उजवीकडे ओढून पुढच्या ओळीची सुरुवात शोधायची. अर्धं पान मी असं वाचलं. वाक्य कुठे सुरू झालं होतं हेच लक्षात राहत नाही. थरथरत्या बोटांनी नाना हे करताहेत, असं डोळ्यांपुढे आलं आणि मी फोन ठेवून दिला. अशा पुस्तकाचं कुलूप काढलं तरी नानांना त्याचा उपयोग नव्हता. तरीही ते दुसऱ्या कुणाला देताही येत नाही, याचा राग आला तो आलाच.

नाशिकमध्ये राहून हे जास्तच खुपतं. इथलं सार्वजनिक वाचनालय, म्हणजे आमचं सावाना, १८४० सालचं. सावानातून आणलेल्या पुस्तकांवर आमच्या घरातल्या तीन पिढ्या वाढल्या. नाना सांगतात, की एका जुन्या ग्रंथाची बांधणी त्यांनी स्वतःच्या डोळ्यांदेखत बदललेली पाहिली आहे. आधी हिरवं कापड होतं, मग तपकिरी रेक्झीन आलं. आतली पानं तीच, कडा कापून कापून समास अरुंद झालेले, आणि कुणा जुन्या वाचकाने मुद्रणदोष पेन्सिलीने नीट दुरुस्त करून ठेवलेले. याच्या शेजारी ठेवायला एक गोष्ट सांगते. २०११ मध्ये हार्परकॉलिन्स या मोठ्या प्रकाशनसंस्थेने अमेरिकेतल्या ग्रंथालयांना सांगितलं, की आमचं ई-बुक २६ वेळा वाचकांना देऊन झालं की ते संपलं, पुढे हवं असेल तर पुन्हा पैसे भरा. कागदाचं पुस्तक झिजतं, तसं हेही झिजलं असं मानायचं! सावानातल्या बांधणीवाल्याला हे कुणी समजावून सांगू शकेल असं मला वाटत नाही. आणि कुसुमाग्रज प्रतिष्ठानची ‘ग्रंथ तुमच्या दारी’ तर इथलीच. पुस्तकांची पेटी एखाद्या सोसायटीत जाते, तिथली मंडळी आपापसात फिरवून वाचतात, मग ती पेटी दुसऱ्या गटाकडे आणि दुसऱ्यांची यांच्याकडे. इथून निघालेल्या पेट्या परदेशातल्या मराठी घरांपर्यंत पोचल्या. आमच्या ओळखीच्या एका घरात अशी पेटी आली होती. झाकण उघडल्यावर शाळेच्या कपाटासारखा वास आला होता, आणि चार बायका एकदम वाकल्यामुळे कुणालाच नीट दिसेना. कुलूपबंद ई-बुकांची अशी पेटी भरताच येत नाही. एका पुस्तकाने किती घरं फिरावीत, हे या गावाने कधी मोजलं नाही.

नानांचा प्रश्न, ते तुझं आहे की नाही, हा नुसता म्हाताऱ्या माणसाचा भाबडेपणा नाही. जुलै २००९ मध्ये अमेरिकेत अ‍ॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’ आणि ‘अ‍ॅनिमल फार्म’ यांच्या काही प्रती वाचकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतल्या. ज्याने त्या विकायला ठेवल्या होत्या त्याच्याकडे हक्क नव्हते, हे खरं. पैसेही परत दिले. एका विद्यार्थ्याने त्या पुस्तकावर अभ्यासाच्या टिपा काढल्या होत्या, त्या मात्र निरुपयोगी झाल्या, आणि तो कोर्टात गेला. कंपनीच्या प्रमुखांनी नंतर जाहीर माफी मागितली. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपलं ई-बुकांचं दुकानच बंद केलं. किल्ली तपासणारे सर्व्हर बंद, म्हणून विकलेली पुस्तकंही बंद. पैसे मिळाले, पुस्तकं गेली. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये किंडलची फाइल संगणकावर उतरवून केबलने यंत्रात घालायची जुनी सोय अ‍ॅमेझॉनने काढून टाकली. जे आपल्या पुस्तकांची एक प्रत घरच्या संगणकावर ठेवत होते, त्यांची तेवढी वाट बंद झाली. कॅलिफोर्नियात २०२५ पासून कायदाच झाला आहे, की अशा दुकानाने गिऱ्हाइकाला आधी स्पष्ट सांगायचं, की तुम्ही वाचण्याचा परवाना घेता आहात, वस्तू नव्हे. निदान आधी सांगतात तरी. हे असं स्पष्ट सांगणं इकडेही हवं, मराठीत, किमतीच्या शेजारी, ठसठशीत अक्षरात.

हे सगळं मनात घोळत असताना मी एका प्रकाशकांना फोन केला. छोटी संस्था, चांगली पुस्तकं काढणारी, आमची जुनी ओळख. ते माझ्यावर चिडले नाहीत, पण आवाज पडलेला होता. हजार प्रतींची आवृत्ती काढायची, ती संपायला वर्षं लागतात, आणि पुस्तक बाजारात येऊन थोडे दिवस होतात न होतात तोच त्याची पीडीएफ टेलिग्रामवर फिरताना दिसते. त्यांना ती पाठवली होती त्यांच्याच एका नातेवाइकाने, “वाचा, छान आहे” असं लिहून. आपलंच पुस्तक! ते म्हणाले, “ताई, कुलूप काढा म्हणता, पण मग आम्ही काय राखायचं?” मला त्यांचं दुःख कळलं. मलाही अशा पीडीएफ येतात, कौतुकाने, सणाच्या शुभेच्छांसारख्या, आणि पाठवणारी माणसं चोर नसतात, शिक्षक असतात, निवृत्त बँक अधिकारी असतात. लेखकाच्या वर्ष-दोन वर्षांच्या कामाचं मोल त्यांना कळत नाही असंही नाही. फुकट मिळालेलं पुढे ढकलायची सवय झाली आहे, इतकंच. पण टेलिग्रामवर फिरणारी ती पीडीएफ कुठून आली, हे मी त्यांना विचारलं. ती छापील पुस्तकाची पानं मोबाइलने फोटो काढून केली होती. कडेला कुणाचा तरी अंगठाही दिसत होता. ई-बुकाच्या कुलपाने ती थांबली नव्हती, थांबणारही नव्हती. कुलूप आडवं आलं ते माझ्या आणि नानांच्या मध्ये.

ज्याने पैसे भरले, त्याच्याच वाट्याला कुलूप.

माझ्या मुलाला हे सगळं फार सोपं वाटतं. “आई, मी काढून देतो ना, पाच मिनिटांचं काम.” असे प्रोग्रॅम मिळतात हे आता शाळकरी मुलांनाही माहीत आहे. आपल्या प्रताधिकार कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने ६५-अ हे कलम आलं. हक्कभंगाच्या हेतूने असं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. घरातल्या वडीलधाऱ्यांना मोठ्या अक्षरात वाचता यावं, हा हेतू त्यात बसत नाही असं मला वाटतं. दृष्टी अधू असलेल्यांसाठी कायद्यात वेगळी सवलत आहे, आणि अशा वाचकांसाठीच्या माराकेश कराराला २०१४ मध्ये सगळ्यात आधी मान्यता देणारा देश आपलाच. पण नानांनीच मुलाला थांबवलं. “नको रे. तोडायचं नाही.” नाना नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये नोकरीला होते. पाळी संपल्यावर गेटवर झडती देऊन बाहेर यायचं, असं सगळं आयुष्य. नक्कल होऊ नये म्हणून माणसं किती कष्ट घेतात, हे त्यांच्याइतकं आमच्या घरात कुणाला माहीत नाही. त्या संध्याकाळी त्यांनी शंभराची एक नोट काढून खिडकीपाशी धरली आणि नातवाला दाखवली. जलचिन्ह छपाईत येत नाही, कागद तयार होतानाच त्यात येतं. त्यांच्या काळात आधी अशोकस्तंभ होता, मग १९९६ च्या मालिकेपासून गांधीजी आले. शाईचा उठाव बोटाला कळतो, म्हणून त्यांनी डोळे मिटून नोटेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, “खोटी छापता येऊ नये म्हणून आम्ही जन्म घातला. पण ती कुणी कुणाला द्यावी, यात प्रेस कधी पडली नाही. नोट निघाली की ज्याच्या हातात, त्याची.”

मी म्हणाले, “नाना, पण नोट दिली की आपल्याकडे उरत नाही. फाइल दिली तर दोघांकडे राहते. प्रकाशकाची भीती तीच आहे.” नानांनी बराच वेळ विचार केला. त्यांना हे कुणी असं सांगितलं नव्हतं. “मग माझं नाव टाका की प्रत्येक पानावर,” ते म्हणाले. “माझ्या नावाची प्रत गावभर फिरली तर मला विचारा.” त्यांनी बसल्या जागी सुचवलेली ही पद्धत जगात चालू आहे, हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा खुलला. हॅरी पॉटरची ई-पुस्तकं २०१२ मध्ये विकायला आली तेव्हा त्यांना नेहमीचं कुलूप नव्हतं, खरेदीदाराची खूण फाइलमध्ये उमटवलेली होती. त्याच वर्षी टॉर या विज्ञानकथांच्या प्रकाशनसंस्थेने आपली ई-पुस्तकं बिनकुलपाची करायचं ठरवलं. गाण्यांच्या बाबतीत तर हे त्याही आधी घडलं. २००९ मध्ये आयट्यून्सवरच्या गाण्यांची कुलपं निघाली, आणि लोकांनी गाणी विकत घेणं त्यामुळे थांबवलं नाही. खूण पुसणारा पुसेलच, पण टेलिग्रामवर अंगठ्यासकट फोटो टाकणारा त्याहून सोप्या वाटेने गेलाच आहे. खूण असली तर जो विकत घेतो त्याला आपल्या घरात, आपल्या यंत्रावर, आपल्या माणसांना वाचू देता येतं, आणि नाव असल्यामुळे तो जपूनही वागतो. मला विचाराल, तर मी खूण असलेल्या पुस्तकाला थोडे जास्त पैसे देईन.

आता आमच्या घरात ई-बुक घेताना तीन गोष्टी बघतो. ती फाइल दुसऱ्या यंत्रावर उघडते का, अक्षर मोठं होतं का, आणि घरातल्या दुसऱ्याला देता येते का. तिन्हींचं उत्तर नाही असेल तर छापील घेतो. नानांना वाचता येत नसेल, तर कुणीतरी वाचून दाखवतं. पुढचा ई-रीडरही असाच निवडू. पडदा थोडा कमी उजळ असला तरी चालेल, पण ईपब सरळ उघडली पाहिजे. नानांची ती कादंबरी सावानात मिळाली, आणि संध्याकाळी मी ती मोठ्याने वाचते. मध्येच ते थांबवतात आणि पुढचं वाक्य स्वतः म्हणतात.

प्रकाशकांना नानांनी पत्र लिहायला लावलं. मजकूर त्यांचा, टायपिंग माझं. त्यात नोटेचा सगळा किस्सा होता, आणि प्रत्येक पानावर नाव छापून घ्यायची लेखी तयारी. त्या प्रकाशकांचा परवा फोन आला. पुढच्या दोन पुस्तकांची ई-आवृत्ती कुलपाशिवाय, खरेदीदाराचं नाव घालून काढून बघतो म्हणाले, अक्षर मोठं होईल अशी. किती खपतात त्यावर पुढचं ठरेल. तेव्हापासून नानांनी जेलरोडच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात नावं लिहून घ्यायला सुरुवात केली आहे. कुणाकडे यंत्र आहे, कुणाच्या नातवाला घ्यायला सांगायचं आहे, हे सगळं वहीत मांडलेलं आहे. वहीच्या पहिल्याच पानावर त्यांनी अट लिहिली आहे, की प्रत ज्याची त्याने स्वतःच्या पैशाने घ्यायची. दोघांनी लगेच विचारलं, एकाने घेऊन सगळ्यांना पाठवली तर चालणार नाही का? नानांनी त्यांची नावं खोडली नाहीत. त्यांना समोर बसवून पुन्हा एकदा शंभराची नोट काढली.